दाजींची होडी आणि माढ्याचा वळीव

उन्हाळ्यात लोक महाबळेश्वरला जातात. मी माढ्याला गेलो, तेही नौकाविहाराला. बोलावणं दाजींचं, म्हणजे माझ्या आक्काच्या यजमानांचं. भीमेवर धरण बांधायला घेतल्याचं ऐकल्याबरोबर दाजींनी होडी करून घेतली होती. पाणी आल्यावर सगळेच धावतील आणि सुतार मिळायचा नाही, हा त्यांचा हिशेब. धरण अजून व्हायचं होतं.

कुर्डुवाडीला उतरलो तर दाजी बैलगाडी घेऊन हजर, आणि गाडीत होडी. तिला जरा हवा लागावी म्हणून आणली होती. "बसा की होडीत, पाव्हणं," ते म्हणाले. दुसरी जागाच नव्हती. वैशाखाचं ऊन, फुफाटा, आणि मी होडीत. वाटेत भेटेल तो राम राम घालून पाणी कुठवर आलं म्हणून विचारी, आणि दाजी गंभीरपणे "येतंय, येतंय" म्हणत.

मग त्यांनी खरं दुखणं सांगितलं. होडी दोन वर्षं सोप्यात (घराच्या पुढल्या पडवीत) पडून होती. आल्यागेल्याला बसायला जागा नव्हती, आक्का तिच्यात कांदे साठवत होती. आता आक्कानं निकाल दिला होता, "या उन्हाळ्यात तरंगली तर ऱ्हाऊ दे, न्हाय तर बंबात." मला बोलावलं ते भावादेखत तिचा आवाज जरा खाली येतो म्हणून. दाजींचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं.

वळीव तिसऱ्या प्रहरी येतो, म्हणून सकाळीच तळ्यावर जायचं ठरलं. पण भाकरी, शेंगाचटणी आणि पुन्हा भाकरी यांत दुपार कलली. तळं दुष्काळात खणलेलं, पाणी गुडघाभर. आक्का बांधावर येऊन बसली.

पाण्यानं लाकूड नासतं म्हणून दाजींनी होडीला कधी थेंब लागू दिला नव्हता. दोन उन्हाळ्यांत फळ्या आकसून फटी पडल्या होत्या. त्यांत चिंध्या कोंबल्या आणि आम्ही बसलो. होडी क्षणभर खरोखर तरंगली. दाजींनी अभिमानानं आक्काकडे बघितलं. तेवढ्यात खालून पाणी आलं आणि होडी चिखलात बसली. आक्का पदर खोचून उठली, तसे आम्ही घाबरलो.

होडी ओढून काठाला आणतोय तोच आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. आडोसा कुठला? होडी पालथी घालून तिघंही खाली शिरलो. वर नुसता ताशा वाजत होता, पण आत थेंब नाही. तळ्याच्या गाळानं फटी लिंपल्या होत्या. आक्का फळ्यांवरून हात फिरवत राहिली. घरी असती तर अशा पावसात गळतीखाली पातेली मांडत फिरली असती.

"गळत न्हाय की ही," ती म्हणाली. जरा वेळानं हळूच विचारलं, "आपल्या सवण्यावर बसंल का हो?" सवणं म्हणजे मातीच्या सपाट माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक.

होडीचं झाकण व्हावं, हे दाजींना लागलं. मग म्हणाले, "बसंल की. आडवी टाकली तर चुलीवरचं सवणंबी झाकंल."

मी निघालो तेव्हा होडी डांबर फासून माळवदावर पालथी झाली होती, आणि दाजी रिकाम्या सोप्यात पाहुण्यांना पान देत होते. पुण्यात सगळे विचारतात, विहार कसा झाला. मी सांगतो, होडीचं काम पाणी आत येऊ न देणं एवढंच. पाणी खालून येणार की वरून, हे ज्याच्या त्याच्या तालुक्यावर आहे.