एटापल्ली ९ मैल

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे, एटापल्लीच्या कच्च्या रस्त्यावरची. मी एकवीस वर्षांचा, ब्रह्मपुरीहून पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला. काम एकच... साखळीनं रस्ता मोजायचा आणि दर मैलाला दगड रोवून त्यावर आकडा लिहायचा. (बोलतोय मी, टाइप करतेय नात. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या!)

मजूर सगळे जवळच्या माडिया आदिवासींच्या गावांतले. संध्याकाळी ते घरी जायचे आणि मी माझ्या बांबूच्या झोपडीत एकटा. मला माडिया येत नव्हती, त्यांना मराठी. दोन्ही यायचं ते फक्त मुकादम सोमाभाऊंना. कधीकधी आपला आवाज तरी ऐकू यावा म्हणून मी साखळीचे आकडे मोठ्यानं म्हणायचो...

एका बाजाराच्या दिवशी मजूर आले नव्हते. मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि चांद्याहून दगडांची बैलगाडी काही पोचली नव्हती. नववा मैल जिथं भरला तिथंच, रस्त्याच्या कडेला झाडाखाली, एक उंच सपाट दगड आयताच उभा दिसला.

मला वाटलं, देव पावला! चुना फासला, काळ्या रंगानं ठळक लिहिलं... एटापल्ली ९ मैल. अक्षर माझं चांगलं होतं. लांब उभं राहून दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्या दगडासमोर एक म्हातारी बाई बसलेली. मजूर फावडी खाली ठेवून उभे.

सोमाभाऊ जवळ आले. "बाबू, हा दगड नोहे जी. हा इचा नवरा हाय."

माडिया लोक गेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात, हे मला माहीतच नव्हतं. बाई रोज रानात जाता-येता तिथं बसायची, त्याच्याशी बोलायची...

बाई हळूच काहीतरी म्हणाली. सोमाभाऊंनी सांगितलं, "पुसून राह्यली, त्याच्यावर काय लिवलं म्हून."

"एटापल्ली इथून नऊ मैल आहे, असं लिहिलंय," मी म्हणालो.

सोमाभाऊंनी तिला सांगितलं. ती दगडाकडे बघत काहीतरी बोलली. सोमाभाऊ म्हणाले, "म्हन्ते, तो एटापल्लीले कधी गेलाच नाई."

मी ओढ्यातून पाणी आणलं, वाळू आणली आणि घासायला बसलो. भोवतीचा चुना निघाला, अक्षरांचा रंग काही निघेना. थोड्या वेळानं बाईही शेजारी येऊन घासू लागली. दुपारपर्यंत आम्ही दोघं घासत होतो, तेव्हा कुठं अक्षरं गेली. बोटं सोलली... पण कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्या शेजारी बसलं होतं.

गाडी आल्यावर मैलाचा दगड मी तिथून वीस पावलं पुढे रोवला. साहेब आले, त्यांनी साखळी लावून बघितली. "हा पुढे का?" नोकरी गेली, असंच मी धरून चाललो. म्हटलं, "साहेब, त्या जागेवर एक गृहस्थ आहेत."

साहेब झाडाखाली गेले. जरा वेळ उभे राहिले, परत येऊन जीपमध्ये बसले. वहीत काहीच लिहिलं नाही.

नंतर बाई दिसली की हात करायची. मी जाऊन बसायचो. ती बोलायची, मला नव्हे, त्याला. मला एक अक्षर कळायचं नाही, तरी उठावंसं वाटायचं नाही.

पावसाळ्याआधी माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर बाई नव्हती, लेकीच्या गावी गेली होती. थोडा वेळ घुटमळलो, मग बसलो... आणि घरच्या पत्रात जे कधी लिहिलं नव्हतं, ते सगळं त्या दगडाला मराठीत सांगितलं. वर्षभर किती एकटं वाटलं, ते.

त्याला किती कळलं कोण जाणे. बाई, तुमचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही... तुमच्या माणसानं माझं ऐकून घेतलं, त्याचे आभार मात्र राहून गेले होते.