बाबांना बोलतं करणारा उस्ताद

आज सकाळी आमचा पोपट मेला.

पांढरकवड्याला आमच्या घरी जे येऊन गेलेत, ते त्याला ओळखतात. नाव उस्ताद. बाबांचं हायवेवर टायर पंक्चरचं दुकान. तिथे येणारा प्रत्येक ट्रक ड्रायव्हर 'उस्ताद', म्हणून यालाही तेच नाव.

वादळात लिंबाखाली पडलेलं पिल्लू होतं. पंख मोडलेला. बाबांनी भिजवलेली डाळ बोटानं भरवून जगवलं. पंख जुळला, पण उडणं काही जमलं नाही.

मग दिवसभर बाबांच्या खांद्यावर.

दुकानात ऐकून ऐकून एक वाक्य शिकला. "उस्ताद, हवा भरू का?"

बाबा म्हणायचे, "भर बापू, भर!" आणि एक शेंगदाणा द्यायचे. दिवसातून पन्नास वेळा हाच खेळ.

सहा वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला. वाचा गेली.

डॉक्टर म्हणाले, रोज बोलायची प्रॅक्टिस करून घ्या.

मी समोर बसायचे. "बाबा, म्हना, पानी."

बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. रस्त्यापलीकडच्या ड्रायव्हरला इकडून हाक मारणारा माणूस. आमच्यासमोर बोबडं बोलायची त्यांना लाज वाटत होती.

उस्तादला यातलं काहीच कळत नव्हतं. तो खाटेवर बसून विचारत राहायचा. "उस्ताद, हवा भरू का?"

बाबांचं 'भर बापू' आलं नाही की पुन्हा विचारायचा. मी शेंगदाणा दिला तर चोचही लावायचा नाही.

एका दुपारी मी भाकरी थापत होते. बाहेरून आवाज आला.

"भ... भ..."

आई धावत निघाली. मी तिचा हात धरला. "थांब माय. आपन आयकून राह्यलो हे कळलं त पुन्हा चूप होतील."

दोघी तशाच उभ्या. तव्यावरची भाकरी करपली.

"भ... भल."

आणि मग शेंगदाणा फोडल्याचा आवाज.

त्यानंतर रोज दोघांची शाळा. महिनाभरात उस्ताद स्वतःच प्रश्न विचारून बाबांच्या बोबड्या आवाजात स्वतःच उत्तर द्यायला लागला. "भल बापू, भल!"

आम्ही घाबरलो. बाबांना काय वाटेल?

बाबा पोट धरून हसले. आईला म्हणाले, "पाह्य वं... मले... चिडवते!"

दुखण्यानंतरचं पहिलं हसणं. पहिलं अख्खं वाक्य. आईनं शेजारच्या चार घरांना चहाला बोलावलं.

मी आता बाहेरगावी असते. आज फोन बाबांनीच केला.

"उस्ताद गेला, बाई. माह्या मांडीवरच गेला."

मी रडायला लागले.

"रडू नको. म्हातारा झालता तो. काल सांजीले पेरू खाल्ला त्यानं. लय मजेत जगला."

सीताफळाच्या झाडाखाली खड्डा त्यांनीच खणला, डाव्या हातानं.

मग दहा मिनिटं बाबा उस्तादचे किस्से सांगत होते. मध्येच अडखळत, मध्येच हसत. मी नुसतं ऐकलं.

उस्ताद, सुखानं जा. आम्हा तिघांचा तुला मनापासून नमस्कार.