आमटीचा वास घेणारा कारकून

शिरूरच्या धर्मशाळेत नगरपालिका थकलेल्या म्हाताऱ्यांना दुपारी जेवू घालायची आणि मी वाढायला असे. दौंडची एसटी गेली की पालिकेचा हा कारकून छत्री काखेत मारून हजर. आमटीचं झाकण उचलून वास घ्यायचा, मग कोण धोतराच्या सोग्यात भाकरी बांधतंय ते न्याहाळत उभा राहायचा. काही विचारलं तर म्हणायचा, "बघू, बघू." हा मेला पंगत बंद पाडणार, याची मला खात्रीच होती.

पुढं पालिकेची सभा भरली. पंगत मोडून शिधाच घरी द्यावा असं ठरत आलं होतं, तेवढ्यात हाच उठला.

"शिधा सुनंच्या डब्यात जातो, साहेब. म्हाताऱ्याच्या तोंडात पडत न्हाई. मला ठावं हाय."

पंगत वाचली. पण याला हे एवढं कसं ठाऊक, ते काही माझ्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या वडिलांना हाताला धरून घेऊन आला. "बसा आबा, पोटभर जेवा," म्हणाला. मी भाकरी वाढली. म्हाताऱ्यानं आधी घाबरून लेकाकडं पाहिलं आणि ती चटकन मांडीखाली लपवली.