नास्तिकाचं गाऱ्हाणं

आमच्या नाहूरच्या इमारतीत देवाचा सर्वांत जास्त विचार कुणी केला असेल, तर तो समोरच्या दारातल्या नास्तिक भावोजींनी. आम्ही भाविक माणसं सकाळी दिवा लावून मोकळी. हे दिवसभर देवाच्या मागे. जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलेला, त्यामुळे तीर्थ दिलं तरी आधी उजेडाकडे धरून बघणार. ग्रहण लागलं की गच्चीवर उभं राहून सगळ्यांना दिसेल असा बटाटेवडा खायचे. मी तेव्हा इतकी भाविक, की इमारतीच्या टाकीतल्या पाण्यावरही तुळशीपत्र टाकायला वर गेलेली. धापा टाकत पोहोचले, तर म्हणतात, "वैनी, चटणी आणलास?" आणि मी बावळट खरंच चटणी आणायला खाली वळले.

माझा नवरा आणि ते, दोघेही मालवणकडचे, दोघेही हट्टी. आमच्याकडे गणपतीची पूजा झाली की घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांसाठी मोठ्याने मागणं मागतो, आणि बाकीचे दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. नवऱ्याचा आवाज खाली रिक्षावाल्यांपर्यंत जायचा. भावोजी उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारायचे, एवढं ओरडावं लागतं म्हणजे ऐकणारा आहे तरी किती लांब? मोदक मात्र खायचे. त्यांचं अस्तित्व सिद्ध करता येतं म्हणे.

यंदा उन्हाळ्यात नवरा गेला. कॅनडातून मुलगा म्हणाला, "आई, गाऱ्हाणं मोबाईलवर लाव ना, रेकॉर्डिंग मिळतं." ते माझ्या जिवावर आलं. घरात गाऱ्हाणं घालायला माणूसच नसेल, तर हा शेवटचा गणपती, असं मी ठरवलं आणि भावोजींना सांगून टाकलं. त्यांनी वाद घातला नाही. तेव्हा मात्र मला धास्ती वाटली.

चतुर्थीला आरती मी एकटीनेच म्हटली. ती संपते तोच इस्त्रीचा सदरा घातलेले भावोजी आत आले आणि नवऱ्याच्या जागी उभे राहिले. हात जोडले नाहीत. विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यावी तसे मागे बांधले.

"बा देवा म्हाराजा, तू आसस की नाय, ह्येचो पुरावो माज्याकडे नाय."

"होय म्हाराजा," मी म्हटलं. दुसरं म्हणणार काय?

"माजो दोस्त तुका हाक मारी होतो. आता तो नाय, म्हणान मी इलंय."

"होय म्हाराजा."

"समोरच्या म्हाताऱ्याक जावक ह्यां एकच दार उरला. तां उघडां ऱ्हवांदे रे म्हाराजा."

मी निरांजनातली वात उगाच पुढे सारू लागले. भावोजी थांबले. मूर्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला, आणि मग स्वतःच, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"होय म्हाराजा."