प्रमाण मराठी आणि सायमनकाकांचा बोकड

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगते. कारण हा किस्सा ऐकताना आजवर प्रत्येकाने चहा सांडलाय, आणि फडकं घेऊन पुसत बसलेय मी!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच बी.एड. झालेली. राहायला विरारला, फ्लॅटमध्ये, आणि नोकरी वसईतल्या एका गावच्या मराठी शाळेत, कुणाच्या तरी रजेच्या जागेवर. स्वभाव विचाराल तर घाबरट. किती घाबरट? कुकरची शिट्टी झाली की मी किंचाळते, आणि कुकर मीच लावलेला असतो. आता बोला!

माझ्या नववीच्या वर्गात जसिंता नावाची मुलगी होती. गणितात पहिली, विज्ञानात पहिली. मराठीत मात्र तोंडाला कुलूप. उभं केलं की पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. एकदा वर्गात बोलायला गेली होती, तर तिच्या बोलीला कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेव्हापासून गप्प ती गप्पच. सहामाहीत मराठीत नापास!

आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर. पांढरा झगा, बारीक आवाज, पण समोर उभं राहिलं की मी काही न करताच 'सॉरी सिस्टर' म्हणून मोकळी व्हायचे. त्यांनी मला बोलावलं.

"मेघना टीचर, जसिंता तोंडी परीक्षेत बोलली नाही तर मराठीत जाणार. नववीत नापास झालेल्या मुलांना आपण दहावीला बसवत नाही. एवढ्या हुशार पोरीचं वर्ष फुकट जाईल. बघा काहीतरी."

बघा काहीतरी! पण मी बी.एड. होते ना! 'शैक्षणिक यशावर परिणाम करणारे घटक' हे प्रकरण मला तोंडपाठ होतं. घरचं वातावरण, पालकांचा सहभाग, घरची भाषा... हां! सापडला गुन्हेगार! घरची भाषा!

वसईच्या ख्रिस्ती गावांत घरोघरी त्यांची स्वतःची बोली. ऐकायला भारी गोड, पण मला विरारकरणीला निम्मी डोक्यावरून जायची. मी तशीच जसिंताच्या घरी गेले आणि फर्मान सोडलं. "परीक्षेपर्यंत घरात फक्त प्रमाण मराठी. पुस्तकातल्यासारखी. सगळ्यांनी. आजोबांनीसुद्धा!"

तिचे वडील सायमनकाका केळीच्या बागेतून मातीच्या हातांनी आले होते. ते मान डोलावून म्हणाले, "टीचर बोलली म्हंजे तसंच करायला पायजे. पोरीच्या वर्साचा प्रश्न हाय."

शिक्षकांच्या शब्दाला काय मान होता हो त्या गावात! पण एक गोष्ट माझ्या टाळक्यात आलीच नाही. ही माणसं पुस्तकी मराठी आणणार कुठून?

दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, प्रगती बघायला गेले. ओट्यावर पास्कल आजोबा बसले होते. हे दर रविवारी चर्चमध्ये बायबलचं वाचन करायचे. मला बघताच उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून खणखणीत आवाजात म्हणाले,

"ये, हे गुरुमाते! पाहा, तुझ्या येण्याने आमचे अंगण धन्य झाले आहे!"

मी एवढी दचकले की चप्पल एका पायातून निसटली. मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का. नाही. गुरुमाता मीच!

तेवढ्यात काका आले. काका रेडिओवरच्या बातम्यांचे भक्त. घसा खाकरून सुरू झाले,

"आज सकाळी आमच्या वाडीत केळीचे दोन घड कापण्यात आले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही."

आणि काकू? काकूंनी उभ्या आयुष्यात वाचलेलं छापील मराठी म्हणजे लग्नपत्रिका. त्या पदर सावरत म्हणाल्या, "चहापानाचा कार्यक्रम योजिला आहे. तरी आपण अगत्य येण्याचे करावे."

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं! केवढे कष्ट घेतले होते त्यांनी! पण जसिंता? ती खांबाला टेकून उभी.

"जसिंता, कशी आहेस गं?"

"ठीक."

बस. एवढंच. काकू माझ्या कानाशी आल्या. "आमच्या ज्येष्ठ कन्येने जेवणाव्यतिरिक्त तोंड उघडण्याचे बंद केले आहे."

म्हणजे शाळेत गप्प असलेली पोर माझ्या कृपेने घरातही गप्प झाली! मनात चर्र झालं. पण शिक्षकी अंगात आली की उतरत नाही हो. मी कपबशी घेऊन बावखलाच्या काठाशी जाऊन उभी राहिले. बावखल म्हणजे बागेला पाणी घालायचं तळं, आणि ते बरोबर अंगणाच्या कडेला. म्हटलं, इथून सगळ्यांचा सराव घेऊ.

इतक्यात काकूंचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे गेले आणि मोठ्ठे झाले.

"टीचर, आपल्या पाठीमागून बोकडाचे शुभागमन होत आहे!"

"वा काकू! किती सुंदर वाक्य! फक्त शुभागमन माणसांचं असतं हं."

आता काका पुढे सरसावले. "मिळालेल्या वृत्तानुसार, बोकडाने दोर तोडला असून तो वेगाने आपल्या दिशेने सरकत आहे. येत्या काही क्षणांत तो धडकण्याची शक्यता आहे!"

"एक नंबर, काका! जसिंता, ऐकलंस? ह्याला म्हणतात ओघ!"

आजोबांनी तर हात आभाळाकडे उचलले. "पळ, हे गुरुमाते, पळ! कारण त्याची शिंगे..."

"आवाज छान लागलाय आजोबा, पण जरा सावका..."

धाडकन!

पुढचा शब्द मी पाण्यात बोलले. साडी, पर्स, कपबशी आणि बी.एड.ची पदवी, सगळं एकदमच बावखलात! मी हातपाय झाडत ओरडायला लागले, "बुडाले! मेले! वाचवा!"

आणि काठावर काय झालं माहितीये? दोन आठवडे दाबून ठेवलेली बोली धरण फुटावं तशी फुटली. काकू काकांवर ओरडतायत, काका बोकडावर, आजोबा सगळ्यांवर. आणि सगळ्यांच्या वर एक आवाज. जसिंताचा!

"टीचर, अवो उभ्या ऱ्हावा! पानी कमरेएवडंच हाय! बसून कशाला बुडता?"

उभी राहिले. खरंच कमरेएवढंच होतं.

पोरीने मला हात देऊन वर ओढलं, आणि हसत सुटली. काकूंच्या गाऊनमध्ये मी ओट्यावर बसले, तर ही शेजारी बसून बोलतेय, बोलतेय, थांबायचं नाव नाही! बोकड सणासाठी कसा पाळलाय, त्याला टीचर लोक कसे आवडत नाहीत, सगळं. आणि मला सगळं कळत होतं बरं का, शब्द न शब्द!

मी हात जोडले. "आजपासून नियम रद्द. जसं बोलता तसं बोला."

काकांनी केवढा मोठा श्वास सोडला! "सुटलो देवा! दोन आठवडे बायकोशी भांडलो नाय. बातम्यांत भांडता येत नाय, टीचर!"

तोंडी परीक्षेच्या दिवशी सिस्टर स्वतः येऊन बसल्या. जसिंताला विषय आला 'अविस्मरणीय प्रसंग'. पोरगी उभी राहिली, अंगठ्याकडे बघितलं... मग माझ्याकडे बघितलं. आणि सुरू झाली. थोडी पुस्तकातली मराठी, थोडी घरची, मध्ये आजोबांचा आवाज, काकांचा आवाज, आणि मी! पाण्यात बसकण मारून हात झाडणारी मी, साभिनय! वर्ग बाकांवर लोळत होता. पण ह्या खेपेला तिच्या बोलीला कुणी हसत नव्हतं. सगळे मलाच हसत होते.

सिस्टरांनी डोळे पुसत तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. दहावीत गेली माझी जसिंता! मी आनंदाने फुलून बाहेर आले, तर सिस्टरांनी मागून हाक मारली.

"मेघना टीचर, तुमच्या पद्धतीत दम आहे हं! आठवीत आणखी तीन मुलं तोंड उघडत नाहीत. त्यांच्याही घरी जाऊन या."

मी लाजून म्हटलं, "हो सिस्टर. काय शिकवू त्यांना?"

"शिकवू नका हो काही! नुसतं अंगणात उभ्या राहा," सिस्टर म्हणाल्या, "आणि जाताना एक कोरडी साडी न्या."