वेलीची आई

कपड्यांचा कारखाना बंद पडला आणि शिवणकामावर घर चालवणारी ती एकदम रिकामी झाली. तिची जाऊ वनस्पती उद्यानात झाडलोट करायची. तिनं शब्द टाकला, म्हणून काचघरात काम मिळालं.

काचघरात मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातली एक दुर्मीळ वेल होती. जिथून ती आणली ते जंगल केव्हाच तुटलं होतं. जांभळी फुलं पहाटे उमलायची आणि ऊन चढलं की मान टाकायची. बी मात्र धरत नव्हतं, कारण परागकण नेणारा कीटक इथं नव्हता. वेलीच्या मुळांत जखमा चिघळवणाऱ्या जंतूंना अडवणारं काहीतरी असावं, असा उद्यानातल्या संशोधक बाईंचा अंदाज होता. पण तपासायला मुळं हवीत, त्यासाठी रोपं हवीत, म्हणजे आधी बी हवं. एका फुलाचे परागकण बारीक कुंचल्यानं दुसऱ्यात कसे ठेवायचे, ते बाईंनी तिला शिकवलं. सुईत दोरा ओवणारे हात ते, लवकर बसले. वेलीला ती तळहाताच्या फोडासारखी जपायची. सगळे तिला वेलीची आई म्हणू लागले.

बहर ऐन भरात असताना ओल्या फरशीवर पाय घसरला आणि तिचा उजवा हात मोडला. प्लास्टर चढलं. आता आपल्या जागी दुसरी कोणी येणार, हे तिनं धरूनच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाईंची गाडी दारात उभी. बाईंचे केसही विंचरायचे राहिलेले.

"हात मोडलाय माझा, बाई. माझा काय उपयोग?"

"एकच मोडलाय ना? दुसऱ्यानं वेल धरा. कुंचला मी चालवते."

बहर सरेपर्यंत दोघींनी तसंच केलं. बाई रोज न्यायला यायच्या, जाऊ दोघींसाठी चहा भरून द्यायची. शेवटी बोंडं धरली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

बियांची रोपं झाली, मुळं प्रयोगशाळेत गेली. काचेच्या बशीत जंतूंची वाढ खरंच थांबली. तरी औषध व्हायला कित्येक वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही, हे बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. तिचा हातही पुरता बरा झाला नाही. कुंचला थरथरायचा. बाईंनी तिला रोपवाटिका सांभाळायला दिली.

"माझा काही उपयोग नव्हता तेव्हा तुम्ही मला न्यायला आलात," एकदा ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही."

बाईंनी दुसरी झारी उचलली आणि शेजारच्या रोपांना पाणी घालू लागल्या.