तीसपर्यंत मोजणारे कोचसर

आमच्या शारजातल्या कॉलेजात त्यांना सगळे नुसतं कोचसर म्हणायचे. मूळचे कोल्हापूरचे. रागावले तरी ‘हबीबी’ म्हणूनच रागवायचे.

माझ्या ऑफिसच्या खिडकीतून फुटबॉलचं मैदान दिसतं. रोज साडेचारला कोचसर बूट-मोजे काढून त्या उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या गवतावर उभे राहायचे आणि मोठ्यांदा तीसपर्यंत मोजायचे. तीस झाले की ‘यल्ला!’, म्हणजे चला खेळायला. त्याआधी पाय उचलावा लागला, तर टीम सावलीतच बसायची.

पोरं कुरकुरायची, “कोच, वी हॅव शूज!”

“गिरोगे तो घुटने को शूज है क्या, हबीबी?”

मला हे जरा नाटकीच वाटायचं. एकदा म्हटलं, “सर, थर्मामीटर मागवून देतो.” तर म्हणाले, “त्याला कुठं भाजतंय?”

गेल्या आठवड्यात ते रिटायर झाले. शाल झाली, फोटो झाले, भाषणं तर संपेचनात. त्यांची बोलायची पाळी आली, तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. “साडेचार झाले,” एवढंच बोलून ते सुटाबुटात मैदानावर गेले, खाली वाकून बूट काढले आणि मोजायला लागले. अठ्ठाविसाला पाय उचलला. “अजून नाही, हबीबी.”

काल ते कोल्हापूरला गेले. नवे कोच अजून यायचेत. आज साडेचारला पोरं बूट बांधून मैदानाच्या कडेला उभी होती. आत कुणीच जाईना. शेवटी मी खाली उतरलो, बूट-मोजे काढले आणि मोजायला लागलो.

अकरापर्यंतच टिकलो. पोरं मुकाट्याने सावलीत जाऊन बसली.